एका व्हिजिटिंग कार्डात तीन खोल्या: टाकाऊ खोक्यांची चाळ

छोटी घरं करताना बहुतेकांचं पहिलं पाऊल चुकतं. आधी इमारत ठरवतात आणि मग त्या मापाचा पुठ्ठा शोधत बसतात. व्हिजिटिंग कार्डांचं काम उलटं करावं, म्हणजे माप कार्डाला ठरवू द्यावं. आपल्याकडचं नेहमीचं कार्ड साडेतीन बाय दोन इंच, म्हणजे साधारण ८९ × ५१ मिमी असतं. काही छापखाने ९० × ५४ सुद्धा ठेवतात. सगळी कार्डं कापून एकसारखी ८७ × ५० मिमी करून घ्या. आता १:१०० हे प्रमाण धरलं, तर खरा एक मीटर म्हणजे मॉडेलवर एक सेंटिमीटर. ८७ मिमीचे तीन भाग केले की २९ मिमीचा एक भाग होतो. २९ मिमी म्हणजे २.९ मीटर, साडेनऊ फूट. जुन्या चाळीतल्या खोलीची रुंदी साधारण एवढीच, आणि जमिनीपासून वरच्या जमिनीपर्यंतची उंचीही एवढीच धरायला हरकत नाही. म्हणून या कार्डांतून चाळ जितकी सहज उभी राहते तितकं दुसरं काही राहत नाही.

इथे दिलेली कृती तळमजला आणि दोन मजले, लांबीला सहा गाळे, पुढे लाकडी गॅलरी आणि वर मंगलोरी कौलं अशा चाळीची आहे. गिरगाव, लालबाग भागात अशा चाळी अजून दिसतात. तयार मॉडेलची लांबी कौलांसकट १८.६ सेंमी आणि उंची साधारण ११ सेंमी होते. गणपतीच्या आराशीत किंवा दिवाळीच्या किल्ल्याच्या पायथ्याशी ते सहज मावतं. बीडीडी चाळीचे फोटो मात्र यासाठी समोर ठेवू नका. १९२०च्या दशकातल्या त्या इमारती काँक्रीटच्या आहेत आणि त्यांत मधून बोळ व दोन्ही बाजूंना खोल्या अशी रचना आहे, त्यामुळे दर्शनी गॅलरी नाही. त्यांचा नकाशाच वेगळा मांडावा लागतो.

काय गोळा करायचं

व्हिजिटिंग कार्डं २५. लागतात १४, पण पहिल्या चार-पाच कार्डांवर हात बसतो, ती धरायची नाहीत. मिठाईचे किंवा साडीचे दोन रिकामे बॉक्स, म्हणजे जाड पुठ्ठा. टूथपेस्टची, बिस्किटांची किंवा कॉर्नफ्लेक्सची खोकी, म्हणजे अर्धा मिमी जाडीचा पातळ पुठ्ठा. पिझ्झाच्या खोक्याचं झाकण. तळ घेऊ नका, कारण तेल प्यायलेल्या पुठ्ठ्याला गोंद धरत नाही. कुरिअरच्या नेहमीच्या तीन पदरी खोक्याचा एक तुकडा. किराण्याची खाकी कागदी पिशवी. जळून गेलेल्या उदबत्त्यांच्या काड्या २५. खिडकीच्या मच्छरजाळीचा हातभर तुकडा. शर्टाच्या किंवा मिठाईच्या बॉक्सवरचं पारदर्शक प्लॅस्टिक.

हत्यारांत ९ मिमी पात्याचा कटर आणि पात्यांचं एक पाकीट, स्टीलची पट्टी, कटिंग मॅट, शिवणाची सुई पेन्सिलीच्या टोकाला खोचून केलेला टोच्या, २२० आणि ४०० नंबरचा पॉलिश पेपर, फेविकॉल, कपड्यांचे चिमटे आणि संपलेलं बॉलपेन. कटिंग मॅट नसेल तर जुनं जाड कॅलेंडर उलटं घाला. काचेवर किंवा लादीवर कापू नका, पातं दोन मिनिटांत बोथट होतं.

कार्ड निवडणं

सगळी कार्डं सारखी नसतात आणि अर्ध्या तक्रारी इथूनच सुरू होतात. प्रत्येक कार्डाचा कोपरा थोडासा फाडून बघा. सरळ फाटला आणि कडेला कागदाचे धागे दिसले, तर ते साधं कार्ड, सगळ्यांत उत्तम. फाटताना कडेला पातळ पापुद्रा ताणला गेला, तर त्यावर लॅमिनेशन आहे. अजिबात फाटलंच नाही तर ते प्लॅस्टिकचं कार्ड. ते बाजूला काढा, फेविकॉलने ते कशालाच चिकटणार नाही.

लॅमिनेशनवरही फेविकॉल धरत नाही. सुकल्यावर धरल्यासारखा वाटतो आणि महिन्याभरात पूर्ण भिंत सालपटासारखी सुटून येते. म्हणून जी बाजू चिकटवायची ती २२०च्या पॉलिश पेपरने चकाकी पूर्ण जाईपर्यंत घासा. एकाच बाजूला लॅमिनेशन असलेलं कार्ड पावसाळ्यात वाकतं. उघडा कागद हवेतलं पाणी पिऊन फुगतो, पापुद्रा फुगत नाही, त्यामुळे कार्ड पापुद्र्याच्या बाजूला वळतं. अशा कार्डाची कागदी बाजू आत, सांगाड्याला चिकटवायची.

छापील बाजू शक्यतो आतच जाऊ द्या. एक तर रंगाखालून अक्षरं डोकावत नाहीत, आणि कुणाचं नाव-नंबर चाळीच्या भिंतीवर राहत नाही.

कागदाला ग्रेन असतो, म्हणजे त्याचे तंतू एका दिशेने पडलेले असतात. कार्ड दोन्ही दिशांनी हलकं वाकवा. ज्या दिशेने सहज वाकतं तिथे वळणाची रेघ ग्रेनला समांतर असते. लांब पट्टीत ग्रेन लांबीच्या दिशेने असावा, नाहीतर गॅलरीचा कठडा लाटेसारखा दिसतो. घडी घालायची असेल तेव्हा घडी ग्रेनला समांतर घ्यावी, आडवी घातली तर कार्ड तडकतं.

एका कार्डाचे चार तुकडे

वरच्या दोन मजल्यांच्या दर्शनी भागासाठी चार कार्डं घ्या. प्रत्येकावर ५० मिमीच्या बाजूने चार मापं टाका: २८, १२, ९ आणि १. २८ मिमीची पट्टी म्हणजे तीन खोल्यांची दर्शनी भिंत. १२ मिमीची म्हणजे गॅलरीची जमीन, खऱ्यातली चार फूट. ९ मिमीची म्हणजे कठडा, तीन फूट. उरलेली १ मिमीची काडी टाकू नका, तीच कठड्यावरची हात ठेवायची दांडी. वाया काही जात नाही.

मापं टाकताना प्रत्येक रेघ एकाच कडेपासून मोजा: २८, ४०, ४९. आधीच्या रेघेपासून पुढची मोजली तर प्रत्येक वेळची पाव मिमीची चूक बेरजेत येते आणि शेवटची दांडी कुठे दीड, कुठे अर्धा मिमी होते.

तळमजल्याच्या दर्शनी भागाला दोन कार्डं. तीही अशीच कापा. कठडा तिथे लागत नाही, पण १२ मिमीच्या पट्ट्या ओट्याच्या पुढच्या भागावर बसतात आणि कठड्याच्या पट्ट्या बिघडलेल्यांच्या जागी कामी येतात. मागच्या भिंतीला सहा कार्डं लागतात, तिथे २९ मिमीची पट्टी काढा. उरलेल्या २१ मिमीतून दारं आणि खिडक्यांची झापं निघतील. दोन टोकांच्या भिंतींना एकेक कार्ड उभं, अख्खं. ८७ मिमी म्हणजे तिन्ही मजल्यांची उंची, हे आपोआपच जुळतं.

दारं-खिडक्या कापणं

हा सगळ्यांत वेळखाऊ भाग आहे आणि मॉडेल बरं दिसणार की नाही ते इथेच ठरतं.

२९ मिमीच्या एका गाळ्याची मांडणी डावीकडून अशी: ४ मिमी भिंत, ९ मिमी दार, ३ मिमी भिंत, ९ मिमी खिडकी, ४ मिमी भिंत. दाराची उंची २० मिमी. खिडकी जमिनीपासून ९ मिमीवर सुरू होऊन २० मिमीवर संपते. दोघांची वरची कड एका रेषेत हवी, ती चुकली तर बघणाऱ्याला कारण कळत नाही पण इमारत वाकडी वाटते. तिसरा गाळा जिन्याचा, त्यात दार-खिडकी नाही. मधोमध १४ मिमी रुंद, २२ मिमी उंच उघडी जागा, दोन्ही बाजूंना साडेसात मिमी भिंत.

प्रत्येक कार्डावर पट्टीने आखत बसू नका. एका कार्डावर अगदी काटेकोर आखणी करा, तो तुमचा साचा. जिना फक्त डावीकडच्या कार्डात येतो, म्हणून साचे दोन लागतील. साचा दुसऱ्या कार्डावर ठेवा, दोन चिमट्यांनी पकडा आणि प्रत्येक दार-खिडकीच्या चारही कोपऱ्यांत टोच्याने भोक पाडा. मग भोकं जोडत कापायचं. सुईच्या भोकाचा दुहेरी फायदा होतो. पेन्सिलीच्या रेघेची जाडी मापात शिरत नाही, आणि पातं भोकाशी येऊन थांबल्याचं हाताला जाणवतं, त्यामुळे काप कोपऱ्याच्या पुढे पळत नाही.

कापताना पातं कोपऱ्यात उभं टोचा आणि खिडकीच्या मध्यापर्यंत ओढा. मग कार्ड फिरवून समोरच्या कोपऱ्यातून परत मध्यापर्यंत. कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत एकाच दमात ओढलं तर हमखास पुढे जातं. एका कापात आरपार जायचा अट्टहास नको. हलक्या हाताने तीन वेळा. आधी सगळ्या खिडक्यांचे आडवे काप, मग पट्टी वळवून सगळे उभे. तुकडा निघत नसेल तर बोटाने ढकलू नका, कोपऱ्यात पुन्हा पातं टेकवा. ढकलला की कोपऱ्यात लव राहते, आणि रंग लावल्यावर ती केसासारखी उठून दिसते.

गुळगुळीत कार्डांच्या थरात खनिजाची पूड असते, तिने पातं लवकर झिजतं. दर दोन-तीन कार्डांनंतर पात्याचं टोक मोडून नवं घ्या. कापताना कडेला कागद दबून उचलल्यासारखा दिसला, की पातं गेलं म्हणून समजा. बोथट पात्यावर जोर लागतो, आणि बोटं कापली जातात ती तेव्हाच. शाळकरी मुलं सोबत असतील तर टोच्याचं आणि चिकटवण्याचं काम त्यांना द्या, कटर मोठ्यांकडे ठेवा.

सांगाडा

कार्ड एकट्याने उभं राहत नाही. जाडी जेमतेम पाव ते एक तृतीयांश मिमी. म्हणून आत सांगाडा, बाहेर कार्ड.

आधी तीन फळ्या: दोन वरच्या मजल्यांच्या जमिनी, तिसरी छपराखाली. १७४ × ६१ मिमी, जाडी बरोबर १ मिमी हवी. जाडी मोजायला दहा थर दाबून एकत्र मोजा आणि दहाने भागा. पुठ्ठा अर्ध्या मिमीचा असेल तर दोन थर चिकटवा. चिकटवताना दोन्ही थरांचा ग्रेन एकाच दिशेला, फेविकॉल तीन भागाला एक भाग पाणी, ब्रशने पातळ आणि सगळीकडे सारखा. वर-खाली प्लॅस्टिकची पिशवी घालून जाड पुस्तकांखाली रात्रभर ठेवा. तासाभरात काढली तर फळी पापडासारखी वळते आणि मग काही केल्या सरळ होत नाही.

६१ मिमीत ४९ इमारतीच्या आत आणि १२ गॅलरीसाठी बाहेर. ही रेघ प्रत्येक फळीवर दोन्ही बाजूंनी आखून ठेवा. गॅलरीची पट्टी नुसती भिंतीच्या कडेला चिकटवायचा मोह होतो, तो टाळा. कडेवरचा सांधा पहिल्या धक्क्याला तुटतो. फळीच आतून बाहेर आली तर गॅलरीवर बोट दाबलं तरी काही होत नाही.

आडव्या भिंती, म्हणजे खोल्यांमधल्या आणि टोकांच्या, पिझ्झाच्या झाकणाच्या: ४८ × २८ मिमीचे २१ तुकडे, प्रत्येक मजल्याला सात. या पुठ्ठ्याच्या आतल्या नळ्या उभ्या राहतील असे कापा. उभी नळी वजन पेलते, आडवी चेपते. सगळे तुकडे एकत्र उभे करून बोट फिरवा, जो वर आलाय तो घासा. एक तुकडा अर्धा मिमी उंच राहिला तर वरची फळी त्याच्यावर डोलते आणि ती डोलणूक कौलांपर्यंत जाते.

पुढची-मागची सांगाड्याची भिंत पातळ पुठ्ठ्याची, १७४ × २८ मिमी, सहा पट्ट्या. त्यात दारं-खिडक्यांच्या जागा कापायच्या, पण कार्डातल्यापेक्षा प्रत्येक बाजूने १ ते दीड मिमी मोठ्या. इथे सफाई नको, नुसती जागा हवी. दार, काच सगळं कार्डाच्या पाठीला चिकटणार आणि या मोठ्या भोकात बसणार. त्यामुळे सांगाड्याची ओबडधोबड कड बाहेरून कधीच दिसत नाही.

ओटा आणि उभारणी

तीन पदरी पुठ्ठ्याचे १८६ × ७५ मिमीचे दोन थर म्हणजे ६ मिमी, दोन फुटांचं जोतं. एका थराच्या नळ्या उभ्या, दुसऱ्याच्या आडव्या ठेवा म्हणजे ओटा वळत नाही. कडेला नळ्यांची भोकं दिसतात, तिथे ६ मिमीची खाकी पट्टी गुंडाळा.

ओट्यावर सांगाड्याची जागा आखा, मागून आणि दोन्ही टोकांकडून ६ मिमी सोडून. तळमजल्याच्या सात आडव्या भिंती २९-२९ मिमीवर उभ्या करा. काटकोनासाठी काडेपेटी टेकवा. मग पुढची आणि मागची भिंत, आणि सगळं सुकल्यावर वरून फळी. सुकणं म्हणजे किमान अर्धा तास. घाई झाली तर फेविक्विक वापरावंसं वाटतं, पण ते कागदात शिरून कडक डाग पाडतं, त्यावर रंग वेगळा दिसतो. खांबांसाठी मात्र ते चालेल.

पहिली फळी बसवायच्या आधी जिन्याचं काम उरकून घ्या. १:१०० मध्ये पायरीची उंची साधारण १.८ मिमी हवी. पिझ्झाच्या खोक्याचा पुठ्ठा दीड मिमी आणि वर एक कार्ड चिकटवलं की जवळपास तेवढीच जाडी होते. असे १३ मिमी रुंद थर एकावर एक, प्रत्येक वेळी अडीच मिमी मागे सरकवत रचा. पूर्ण मजला चढायला सोळा पायऱ्या लागतात, पण सोळा करू नका. सहा पुरेत. त्यामागे काळा कागद लावा. उघड्या जागेतून तेवढंच दिसतं, पुढचा जिना बघणारा मनात चढतो. वरच्या मजल्यांच्या जिन्याच्या गाळ्यात नुसता काळा कागद.

तिन्ही मजले उभे झाले की उंची मोजा. तीन वेळा २८ आणि तीन फळ्या, एकूण ८७ यायला हवी. एखादा मिमी जास्त आला तर गोंदाचा थर जाड बसलाय. टोकाच्या भिंतींचं कार्ड त्या मानाने आखूड पडेल, ती फट छपराच्या वळचणीखाली झाकली जाते, घाबरू नका.

दर्शनी थर

कार्डांच्या पाठीला दारं आणि काचा आधी चिकटवून घ्या. दार ११ × २१ मिमीचं, म्हणजे भोकापेक्षा बाजूंनी आणि वरून १ मिमी मोठं, तळाशी बरोबर. हिरव्या, निळ्या, तपकिरी छपाईची कार्डं इथे कामी येतात, रंगवायचं काम वाचतं. दोन झापांची मधली रेघ संपलेल्या बॉलपेनने दाबून काढा. काही दारं अर्धी उघडी ठेवा. सगळी बंद असलेली चाळ रिकामी केलेल्या इमारतीसारखी दिसते. खिडकीचे गज प्लॅस्टिकवर सुईने सव्वा मिमीवर उभे ओरखडे काढून करायचे, वर पांढरा रंग चोपडून लगेच बोटाने पुसायचा. रंग फक्त ओरखड्यात राहतो.

आता कार्डाच्या पाठीला फेविकॉल लावताना भोकांच्या कडेपासून १ मिमी दूर राहा, दाबल्यावर तो पसरतोच. पुढच्या दोन कार्डांचा सांधा ८७ मिमीवर, बरोबर चौथ्या आडव्या भिंतीवर येतो. तिथे आणि प्रत्येक गाळ्याच्या रेषेवर दीड मिमी रुंद उभी पट्टी लावा. ती लाकडी खांबासारखी दिसते आणि सांधाही झाकते. मागच्या २९ मिमीच्या पट्ट्या फळ्यांच्या कडा झाकत एकावर एक बसतात. टोकाची कार्डं सगळ्यांत शेवटी.

मग गॅलरीच्या १२ मिमीच्या पट्ट्या फळीवर. भिंतीच्या कार्डाने थोडी जागा खाल्लेली असते, त्यामुळे पट्टी कार्डाच्या जाडीएवढी पुढे येईल. ती ४००च्या पेपरने घासून सपाट करा.

खांबांना उदबत्तीची काडी याच मापासाठी जन्माला आल्यासारखी आहे. साधारण सव्वा मिमी जाड, म्हणजे खऱ्यातला पाच इंची खांब. टूथपिक दोन मिमीची, ती या इमारतीला ओंडक्यासारखी दिसते. काड्या ओल्या फडक्याने पुसून मसाल्याचा भुसा काढून टाका. २१ खांब, प्रत्येकी २८ मिमी, आणि मग बसवताना घासून नेमकं माप. घट्ट बसायला हवा पण वरची फळी उचलली जायला नको. आखूड कापलेला खांब वाया गेला म्हणायचा, गोंद भरून उंची वाढवली तर बुंध्याशी गोळा दिसतो.

कठड्याच्या ९ मिमी पट्टीत वर-खाली दीड मिमी सोडून, आणि प्रत्येक गाळ्याच्या रेषेवर दोन मिमीचा उभा भाग ठेवून, मधलं कापून टाका. मागून मच्छरजाळी चिकटवा. जाळी ताणून नव्हे, नुसती सरळ. ताणली तर सुकल्यावर आकसून पट्टीला कमान आणते. हा कठडा खांबांच्या बाहेरून लावायचा, सांधा पुन्हा चौथ्या खांबावर. वर १ मिमीची दांडी.

कौलं

खोक्याच्या पुठ्ठ्याचा वरचा कागद ओला करून सोलायचा आणि आतली पन्हळ कौलं म्हणून लावायची, ही युक्ती सगळीकडे सांगितली जाते. या प्रमाणात ती फसते. कुरिअरच्या खोक्याची पन्हळ सहा मिमीच्या आसपास असते, म्हणजे खऱ्यातली दोन फूट रुंद. असं कौल कुणी उचलूच शकणार नाही. मंगलोरी कौल साधारण ४१ × २३.५ सेंमीचं असतं आणि एकावर एक चढल्यावर त्याचा ३२ × २० सेंमीच्या आसपासचा भाग दिसतो. आपल्याला ३.२ × २ मिमी हवं.

खाकी पिशवीचा १८६ × ११० मिमीचा तुकडा घ्या. खाली जाड वर्तमानपत्र ठेवा. संपलेल्या बॉलपेनने दर २ मिमीवर, ११० मिमीच्या बाजूने, दाबून रेघा ओढा. ९२ रेघा होतात. कंटाळवाणं आहे, पण पाऊण तासाचं काम आहे. मग कागद आडवा करून ४ मिमीच्या पट्ट्या कापा, २६ लागतील, आणि कापल्या त्याच क्रमाने ठेवा म्हणजे रेघा वरपासून खालपर्यंत जुळतात.

छपराचा आधार म्हणून तीन पदरी पुठ्ठ्याचे सात त्रिकोण, पाया ६१ आणि उंची साडेसतरा मिमी. उतार तीस अंशांचा पडतो. त्यावर मिठाईच्या पुठ्ठ्याच्या १८६ × ४२ मिमीच्या दोन पाट्या. आढ्यावर त्या एकमेकींना भिडवा, खाली वळचण आपोआप सहा मिमी बाहेर येते. कौलांची पहिली पट्टी वळचणीपासून, पाटीच्या अर्धा मिमी बाहेर. पुढची प्रत्येक पट्टी ३.२ मिमी वर. या खुणा पाटीवर आधीच करून ठेवा, नजरेने लावत गेलात तर सातव्या-आठव्या ओळीला तिरकं होतं. प्रत्येक पट्टीच्या फक्त वरच्या कडेला गोंद. खालची कड मोकळी राहिली की तिची बारीक सावली पडते, आणि कौलारू छपराचा सगळा भास त्या सावलीतून येतो. आढ्यावर ५ मिमीची पट्टी उभी दुमडून, दर ४ मिमीला नखाने दाबून.

रंग आणि शेवटचं सामान

पोस्टर कलर लॅमिनेशनवरून पोपडे धरून निघतो. घरात उरलेला डिस्टेंपर सगळ्यांत चांगला. थोडा पातळ करून, पिवळा किंवा गेरूचा स्टेनर थेंबभर टाकून दोन हात द्या. त्याला चकाकी नसते, त्यामुळे चुन्याच्या भिंतीसारखा दिसतो. ब्रश जवळपास कोरडा ठेवा, पाणी जास्त झालं की कार्ड फुगतं. कौलांना एकच रंग देऊ नका: विटकरी रंग सुकल्यावर इकडे-तिकडे चार-पाच कौलं गडद, एखाद-दुसरं नवं, लालभडक.

सांडपाण्याचा चार इंची पाइप या प्रमाणात १ मिमी होतो, जुन्या टेलिफोन वायरची एक तार नेमकी तेवढीच. गॅलरीत दोरा बांधून त्यावर चॉकलेटच्या कागदाचे कपडे घाला. खांबाच्या बुंध्याशी दोन-तीन मिमीचे डबे, पिंप, एक तुळस. आत दिवा लावायचा असेल तर सांगाड्याच्या आतून टेट्रापॅकची चंदेरी बाजू लावा, नाहीतर उजेड भिंतीतून झिरपून पूर्ण चाळ आकाशकंदिलासारखी दिसते. हे अर्थात फळ्या बसवायच्या आधी ठरवायला हवं.

माणसं १६ ते १७ मिमीची. किल्ल्यावरचा तीन इंची मातीचा मावळा या चाळीसमोर ठेवला तर तो पंचवीस फुटी होतो आणि थेट दुसऱ्या मजल्याच्या गॅलरीत डोकावतो. त्याला लांब, किल्ल्यावरच राहू द्या.

चिकटवायला मैद्याची खळ वापरू नका. तिला कसर आणि झुरळं लागतात. बाइंडिंगवाले पूर्वी खळीत मोरचूद घालायचे ते याचसाठी, पण ते विष आहे, घरात मुलं असताना त्याच्या वाटेला जाऊ नये. सण आटोपला की मॉडेल प्लॅस्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून ठेवू नका, आत दमट हवा अडकून बुरशी धरते. चपलांच्या खोक्यात, वर्तमानपत्राचे बोळे आणि चार डांबरगोळ्या घालून, कपाटाच्या वरच्या खणात.